घागरीला पट्टा, लेकराला मांडी

मित्रांनो, मी एक जुनी कारसीट आहे. कारसीट म्हणजे गाडीत लहान लेकराला बसवायची खुर्ची. आता तुम्ही म्हणाल, गाडीत सीट असतेच की, तिच्यावर आणखी सीट कशाला? लातुरात आल्यापासून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की मला त्याचा राग येणंही बंद झालं. माझा पिवळा रंग आता उडालाय, गादीची शिवण दोन ठिकाणी उसवलीय, आणि माझ्या पट्ट्यांपैकी एकही शाबूत नाही. झिजून तुटले नाहीत हं ते. कात्रीने कापलेत. आणि ज्या पोरीने कापले, तिच्यावर माझा भारी जीव आहे. का कापले ते सांगते, पण सगळं क्रमाने ऐका.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं, त्यावर स्पंज बसवला, जाड पट्टे शिवले आणि पोटाशी लाल बटणाचं बक्कल लावलं. माझ्या तळाला बनवल्याची तारीख ठोकली आणि खाली लिहिलं, वापर दहा वर्षं. त्या कारखान्यात मी एक अजब गोष्ट पाहिली. माझ्याच एका बहिणीत लेकराएवढी बाहुली बांधायचे आणि गाडा जोरात पळवून धाडकन थांबवायचे. मग चार शहाणी माणसं वाकून बाहुली बघायची. मला काही उमगेना. बिचाऱ्या बाहुलीने कुणाचं काय घोडं मारलं होतं? एवढ्याशा जिवाला इतके पट्टे कशाला? हा प्रश्न घेऊनच मी खोक्यात बसले.

हैदराबादच्या एका दुकानातून मला मन्मथने घेतलं. तो तिथे नोकरीला होता. त्याची बायको सुवर्णा लातूरच्या शाळेत शिकवायची आणि सासू-सासऱ्यांजवळ राहायची. त्यांची अडीच वर्षांची लेक शांभवी, म्हणजे माझी मालकीण. मोठाले डोळे आणि तोंडात एकच शब्द, "का?" म्हटलं, चला, आपल्यासारखंच कुणीतरी भेटलं.

लातूरच्या घरी खोकं उघडलं तशी सगळी गल्ली जमा झाली.

"न्हाव्याच्या दुकानातली हाय का?"

"आता गं! झोपाळ्याची असंल. दोऱ्या न्हाईत का लोंबायल्या?"

शांभवीचे आजोबा बसलिंगप्पा, त्यांना सगळे आप्पा म्हणत, त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. मोंढ्यात तीस वर्षं तुरीचा व्यापार केलेला माणूस तो, वस्तू हातात घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मन्मथने मला आप्पांच्या गाडीच्या मागच्या सीटवर घट्ट बसवलं आणि लेकीला पट्टे लावले. तिने भोकाड पसरलं. झालं! आजी गुरम्माबाई कडाडल्या, "सोड आधी तिला! लेकराला बांधून टाकतात का? वासरू हाय का ते?"

मन्मथ हसला आणि दोन दिवसांनी हैदराबादला गेला. मी मागच्या सीटवर रिकामी राहिले.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तो. नळाला पाणी आधी आठवड्याने यायचं, मग पंधरा दिवसांनी, मग नळ नुसता भिंतीला शोभेपुरता उरला. गल्लीत गप्पा दोनच, पाणी कधी येणार आणि उदगीरचा नवा जिल्हा कधी होणार. आप्पा म्हणायचे, "एका जिल्ह्याला प्यायला मिळंना, दोन केले तर काय दोन नद्या येणार हायत?"

आप्पांचं औसा रस्त्यावर शेत होतं. तिथल्या बोअरला करंगळीएवढी धार अजून होती. रोज सकाळी आप्पा गाडी काढायचे, गुरम्माबाई आणि शांभवी सोबत, आणि तांब्याची मोठी घागर भरून आणायचे. पण गतिरोधक आला की घागर डुचमळे आणि अर्धं पाणी गाडीत. आप्पांचा जीव तुटायचा. एक दिवस त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली, "आगं, ही हाय की!"

घागर माझ्यात अशी बसली, जशी मापाने घडवली होती. आप्पांनी गळ्याच्या दोन्ही बाजूंनी पट्टे घेतले, पोटावर ओढले, खट्‌कन बक्कल लावलं. घरी येईपर्यंत थेंब सांडला नाही. मग काय विचारता! आप्पांनी गल्लीभर सांगितलं. लोक मला बघायला आले. "लई भारी डोकं लावलं आप्पा!" ज्यांनी मला न्हाव्याची म्हटलं होतं, ते आता माझ्या पट्ट्यांची तारीफ करत होते. आणि मित्रांनो, खरं सांगते, मी फुगले. मला वाटलं, सापडलं उत्तर! मी घागरीची खुर्ची आहे. कारखान्यात घागर मिळाली नसेल, म्हणून बाहुली बांधत असतील.

आणि शांभवी? ती पुढे, आजीच्या मांडीवर, काचेला नाक लावून. सुवर्णाने दोनदा सांगून पाहिलं, "मामा, ती शांभवीची सीट हाय ओ. तिला मागं बसवा."

"आगं माय, हितून हितं तर जायचंय," आप्पा म्हणाले. "अन् आजीच्या मांडीहून मोठी खुर्ची कुठली?"

तिसऱ्यांदा ती बोलली नाही. सासऱ्यांपुढे किती बोलणार?

त्या दिवशीही आम्ही असेच परतत होतो. ऊन चढलं होतं. पुढे पाण्याचा टँकर चालला होता. कडेच्या वस्तीतून बाया-माणसं हंडे घेऊन धावत रस्त्यावर आली आणि टँकर एकदम थांबला. आप्पांनी करकचून ब्रेक मारला. दोन हातांवर गाडी थांबली, टक्कर झाली नाही. पण पन्नास वर्षं भाकरी थापून घट्ट झालेले गुरम्माबाईंचे हात, ते हातसुद्धा एका क्षणात सुटले. शांभवी पुढे फेकली गेली. कपाळ आदळल्याचा आवाज मी ऐकला.

माझ्यातली घागर जागची हलली नव्हती.

शांभवी रडली आणि गुरम्माबाईंनी हंबरडा फोडला. आजीच्या पदराला रक्तच रक्त. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तेव्हा कुठे मला त्या बाहुलीचं कोडं सुटलं. मेले मी! एवढ्या दिवसांत मी कुणाला सांभाळत बसले होते?

आप्पांनी गाडी तशीच दवाखान्यात नेली. आमच्या शेजारची पंचशीला तिथे नर्स होती. तिनेच शांभवीला धरून भुवईवर चार टाके घालून घेतले. डोळा थोडक्यात वाचला. मग पोरीची गाडीत राहिलेली चप्पल न्यायला ती बाहेर आली. तिने मागचं दार उघडलं आणि मला पाहिलं. मला म्हणजे, माझ्यातल्या घागरीला. दाराशी आप्पा मान खाली घालून उभे होते.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "घागर बांधली, अन् लेकरू सोडलं?"

"पाणी सांडू न्हाई म्हणून गं बाई..." आप्पा तिथेच पायरीवर बसले. त्या माणसाला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पंचशीला त्यांच्याशेजारी बसली. "काकूंच्या हातांचा दोष न्हाई. हा तर नुसता ब्रेक व्हता. तुम्ही मोंढ्यातले, तुम्हाला तुरीच्या हिशेबात सांगते. गाडी जोरात धडकली ना, की बारा किलोचं लेकरू क्विंटलाच्या तीन पोत्यांएवढी ओढ घेतंय. धराल का तुम्ही तीन पोती मांडीवर?"

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"मग काकू कशा धरतील?"

त्या संध्याकाळी गुरम्माबाई एकट्याच गाडीपाशी आल्या. माझं बक्कल सोडायला त्यांना किती वेळ लागला! घागर काढून त्यांनी खाली ठेवली आणि माझ्या गादीवरून हात फिरवला. मग तोच हात आपल्या गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. त्यांच्यासारख्या लिंगायत घरात लेकरू जन्मलं की स्वामी येऊन त्याला लिंग बांधतात. शांभवीलाही बांधलं होतं. सुवर्णा मागे येऊन उभी राहिली होती.

"सुवर्णा," त्या म्हणाल्या, "वासरू म्हणाले व्हते ना मी? पर लिंग तर आपण जन्मल्याबरोबर बांधतो. ते काय कोंडायला बांधतो का? आपल्यापासून सुटू न्हाई म्हणून बांधतो. येवढं मला कळलं न्हाई बघ. तू सांगत व्हतीस, मी ऐकलं न्हाई."

"आत्याबाई, चुकलं माझंबी. तिसऱ्यांदा सांगायला पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी पंचशीलाने माझ्यासोबत आलेलं पुस्तक वाचून दाखवलं. सीट मागेच. पट्टा खांद्यावर सपाट, पीळ नको. इतका घट्ट की चिमटीत धरता येऊ नये. "का?" शांभवीने विचारलं, कपाळाला पट्टी, तरी विचारलंच. "ढिला असला की तू त्यातून निसटशील, म्हणून," पंचशीला म्हणाली. आप्पांनी दहा वेळा चिमटी घेऊन पाहिली. लातूरच्या उन्हात माझं बक्कल तव्यासारखं तापतं, हे मात्र पुस्तकात नव्हतं. ते गुरम्माबाईंनी शोधून काढलं आणि गाडी उभी केली की माझ्यावर पंचा टाकायचा नेम केला.

चार दिवसांनी पुन्हा शेतावर जायची वेळ आली. दुष्काळ काही भुवईवरच्या टाक्यांसाठी थांबत नाही. जाताना शांभवी माझ्यात बसली. ती रडेल म्हणून मी धास्तावले होते, पण उंचावर बसल्यामुळे तिला खिडकीतून टँकर, शेळ्या, बाभळी सगळं दिसत होतं. रडायचं ती विसरूनच गेली. येताना मात्र पंचाईत झाली. घागर भरली, पण ठेवायची कुठे? आप्पा घागर हातात घेऊन उभे. एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा घागरीकडे.

"आणा हिकडं," गुरम्माबाई म्हणाल्या. त्या मागे माझ्या शेजारी बसल्या, स्वतःचा पट्टा लावला आणि घागर मांडीवर घेतली.

पहिला गतिरोधक आला. घागर डुचमळली आणि गुरम्माबाईंच्या इरकल लुगड्यावर तांब्याभर पाणी सांडलं. आप्पांनी आरशात पाहिलं, "अवं, पाणी! पाणी!"

"सांडू द्या."

दुसरा गतिरोधक. आणखी तांब्याभर. ज्या गावात कुणी हात धुतलेलं पाणीही फेकत नव्हतं, त्या गावाच्या रस्त्यावर ती बाई पाण्याने चिंब होत होती आणि तिचा एक हात माझ्या बक्कलवर होता, लागलंय ना हे बघत. "सांडू द्या म्हटलं ना," त्या पुन्हा म्हणाल्या. "पाणी उद्याबी मिळंल."

"आजी वल्ली!" शांभवी खिदळली. "आजी वल्ली झाली!"

घरी पोचलो तेव्हा घागर अर्धी होती. त्या दिवसापासून मी माझ्या खऱ्या कामाला लागले.

पुढे पाऊस पडला, नळाला पाणी आलं. शांभवी वाढली. तिचे खांदे माझ्या पट्ट्यांच्या वर गेले, तसा माझ्या जागी एक बुटका पाट आला. बूस्टर म्हणतात त्याला. त्याच्यावर बसलं की गाडीचाच पट्टा लेकराच्या खांद्यावरून आणि मांड्यांवरून नीट जातो, गळ्याला काचत नाही की पोटावर चढत नाही. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? लेकरांना पट्टा किंवा सीट हवीच असा कायदाही पुढे आला. मी माळ्यावर गेले आणि धूळ खात पडले.

यंदा कंधारच्या नातेवाइकांकडे बाळ झालं. आप्पांनी मला माळ्यावरून उतरवलं, पुसलं. "चांगली तर हाय अजून. त्यांना दिऊन टाकू." काय आनंद झाला मला! पुन्हा लेकरू, पुन्हा खिडकी! पण शांभवी, आता अकरा वर्षांची, तिने मला उलटं केलं आणि तळाची तारीख वाचली.

"आप्पा, हिची दहा वर्षं भरली. आतलं प्लास्टिक ठिसूळ झालं असंल, पट्ट्यात जोर राहिला नसंल. वरून नाही दिसत ते."

"मग टाकून देऊ?"

"टाकली अन् कुणी उचलून लेकरू बसवलं तर?"

तिने आजीची कात्री आणली. माझ्यापुढे मांडी घालून बसली आणि भुवईवरच्या पांढऱ्या व्रणावरून एकदा बोट फिरवलं. "माफ कर हं," म्हणाली आणि एकेक पट्टा कापला. दुखलं, मित्रांनो. पण तिच्या जागी मी असते तर मीही कापले असते. कंधारच्या बाळाला आप्पांनी नवी सीट घेतली, तोंड मागे करून बसवायची. "तोंड मागं का?" त्यांनी स्वतःच विचारलं. "तान्ह्याची मान कच्ची असती," पंचशीलाने सांगितलं. आप्पांनी स्वतःच्या हाताने पट्ट्याची चिमटी घेऊन पाहिली, तेव्हाच बाळाला गाडीत जाऊ दिलं.

मी आता ओसरीवर असते. गुरम्माबाईंनी माझ्यात तीच तांब्याची घागर ठेवलीय. येणारा-जाणारा पाणी पितो आणि विचारतो, "आप्पा, ही लेकराची खुर्ची ना? हिच्यात घागर कशी?"

आप्पा तांब्या भरून त्याच्या हातात देतात. "आता घागरीचीच हाय," ते म्हणतात. "तुमचं लेकरू गाडीत कुठं बसतंय, ते सांगा आधी."