बिनक्रीमचं नाक

मोर्च्याला निघण्याआधी टेगनने माझ्या दंडावर जाड काळ्या पेनाने, अटक झालीच तर असावा म्हणून, वकिलाचा फोन नंबर लिहिला आणि मग माझा चेहरा निरखला. टेगन माझी मुलगी. मोर्च्यातल्या प्रथमोपचार पथकात असते, त्यामुळे तिथे तिचंच ऐकावं लागतं.

"आई, हे काय फासलंयस?"

"सनस्क्रीन."

"तेलकट आहे. पोलिसांनी पेपर स्प्रे, तो मिरचीचा फवारा, मारला तर तो याला धरून बसेल. धुऊन धुऊन जाणार नाही."

आमच्या मेलबर्नमध्ये जानेवारीत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, सनस्क्रीन न लावता कुणी कचरा टाकायलाही बाहेर पडत नाही. त्यात गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या नाकाचा उन्हाने बिघडलेला तुकडा कापून काढला. नुसत्या टोपीवर भागवू नका, असं बजावलंय.

"मग बिनतेलाची दे."

"ती पथकाने संपवली. तू आपली लायब्ररीच्या पायऱ्यांवर थांब. मागे काही होत नाही."

मागे थांबायला मी आलेच नव्हते. मागच्या खेपेला पुढच्या रांगेत रेटारेटी झाली होती आणि टेगन नेमकी तिथेच चालते. जंगलतोड थांबावी असं मलाही वाटतं, पण त्या दिवशी मी काही जंगलासाठी आले नव्हते.

पायऱ्यांवर रॉस उभा होता. एरवी ट्राम चालवतो, आज केशरी जाकीट घालून स्वयंसेवक.

"काय शेरिल, लेकीने मागच्या बाकावर बसवलं?"

"तेलकट आहे म्हणून."

"मला जाडा आहे म्हणून. गर्दी पळाली तर वाट अडवशील, म्हणाली."

मी हसले, लायब्ररीत गेले आणि साबणाने तोंड स्वच्छ धुतलं. मग टेगनने शिकवलं होतं तशी गर्दीच्या कडेकडेने पुढे गेले. ती आणि पथकातला तिचा जोडीदार मिन्ह पाण्याच्या बाटल्या भरून घेत होते.

"धुतलंस?" तिने विचारलं.

"धुतलं. आता तुझ्याबरोबर चालते."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर कुठे मोर्च्याला येतात?"

तिने वर उन्हाकडे पाहिलं, पुढे पोलिसांच्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्या नाकाकडे. "मिन्ह, तू हो पुढे. हिला सावलीत नेते."

"मी तुला मागे न्यायला नाही आले गं."

"माहितीये. चल."

एका बँकेच्या छज्ज्याखाली आम्ही उभ्या राहिलो. मोर्चा समोरून जात राहिला. तिथून पुढची रांग दिसत नव्हती, नुसते झेंडे दिसत होते. आठवडाभर मला जे हवं होतं ते झालं होतं: पोर हाताच्या अंतरावर, धडधाकट. ती टाचा उंचावून पुढे बघत होती.

"मिन्ह ठीक असेल," मी म्हणाले.

"एकटा आहे तो." पुढे बघतच ती म्हणाली, "आम्ही जोडीशिवाय पुढे जात नाही. त्याच्याच डोळ्यांत स्प्रे गेला तर त्याचे डोळे कोण धुणार?"

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी पुढच्या रांगेत फक्त टेगनलाच मोजत होते.

"जा," मी म्हणाले.

"तू?"

"सावलीत आहे की."

तिने मला एकदा नीट पाहून घेतलं आणि भिंतीच्या कडेने निघाली. पळाली नाही, पळायचं नसतं, गर्दी बिथरते. तिची टोपी इतर टोप्यांत मिसळेपर्यंत मी बघत होते. त्यानंतरही बघत होते.