उजव्या पंखातलं नाव

मी एक जुनं विमान बोलतोय. दोनच माणसांचं, आत लाकूड आणि वर ताणून बसवलेलं कापड. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मी कुणावर सहजी विश्वास ठेवत नाही. हसत हसत येणाऱ्यावर तर मुळीच नाही.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते अलास्कात, कुस्कोक्विम नदीच्या काठी. इथे एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. टपाल, पीठ, अडलेली बाळंतीण, सगळं आम्हीच न्यायचं. माझा वैमानिक वासिली याने मला वीस वर्षं सांभाळलं आणि जाण्याआधी लेकीच्या, नास्तासियाच्या हवाली केलं. थोरला मुलगा याको ते ऐकून नुसता हसला. ते हसू मला तेव्हाच खटकलं होतं.

नास्तासियाचा हात फार हलका. नदीतल्या गोट्यांच्या पट्ट्यावर ती मला अशी उतरवायची, की मागे बसलेल्या म्हाताऱ्यांची झोप मोडायची नाही.

एका सप्टेंबरात याको मला शिकारीला घेऊन गेला. उतरताना त्याने माझा उजवा पंख झाडाच्या बुंध्यात घातला आणि आतली तुळई तडकली. मला वाटलं, आता हा बहिणीला सांगेल. कसलं काय! चार दिवस तिथेच तंबू ठोकून त्याने तडकलेल्या जागी फळी डकवली, खिळे मारले, वर कापडाचं ठिगळ लावून रंग फासला.

घरी आल्यावर म्हणाला, "घे गं तुझं विमान. ओरखडासुद्धा नाही!"

पुढच्या वसंतात नास्तासिया ओलिन्का आत्याला घेऊन नदीतल्या त्याच गोट्यांच्या पट्ट्यावर उतरत होती. चाकं टेकली आणि ती फळी निसटली. पंख लोंबला, जमिनीला घासला, मी गर्रकन फिरलो. आत्याचा हात मोडला.

"पंख जमिनीला तूच टेकवलास," याको सगळ्या गावादेखत बहिणीला म्हणाला. "बाबांनी विमान दिलं, पण अक्कल कुठून देणार?"

वाईट याचं वाटतं, की तिलाही ते खरं वाटलं. तिच्या मागे बसायला कुणी तयार होईना. मला दुरुस्त करून विकायचं आणि पुन्हा उडायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

मला ऑर्व्हिलच्या शेडमध्ये आणलं. ऑर्व्हिल हा म्हातारा कारागीर, याकोचा शिकारीतला जुना दोस्त. मी मनात म्हटलं, संपलं. त्याने माझं इंजिन उतरवलं, मोठे मऊ टायर बसवले, पण मोडका पंख भिंतीला टेकवून तसाच ठेवला. याको रोज वाळवलेला सामन मासा घेऊन यायचा.

"अजून ठेवलायस हा? जाळून टाक की. दुसरा जुना पंख मी आणून देतो तुला."

"बघू," ऑर्व्हिल मासा चघळत म्हणायचा. त्या 'बघू'चाही मला संशय यायचा.

शेवटी एके दुपारी त्याने पंखाचं कापड फाडलं. इथल्या कारागिरांची एक रीत आहे, आतलं काम झालं की कापड चढवण्याआधी लाकडावर आपलं नाव आणि तारीख लिहायची. वासिलीने दोन्ही पोरांच्या हाताला ती सवय लहानपणीच लावली होती. त्या फळीवर पेन्सिलने स्वच्छ लिहिलं होतं: याको, २१ सप्टेंबर. लपवाछपवी करतानाही हात आपला सवयीने चालला होता.

ऑर्व्हिलने त्या अक्षरांवर अंगठा ठेवला. आता पुसणार हा, मी म्हटलं. याको मासे घेऊन दारातच उभा होता.

"नास्तासिया, इकडे ये पोरी," ऑर्व्हिलने शेडच्या कोपऱ्यात इंजिन पुसत असलेल्या तिला हाक मारली. "माझा चष्मा सापडत नाहीये. एवढं वाचून दाखव."

चष्मा त्याच्या नाकावरच होता. मी या माणसावर उगाच संशय घेतला, याची मला लाज वाटली.

तिने मोठ्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. तारीख याकोच्या शिकारीतली होती, आणि फळीचे खिळे उपटलेले होते. "म्हणजे मी टेकवला नव्हता," ती म्हणाली.

"अगं, मी सांगणारच होतो..." याको पुटपुटला.

"कधी? मी विमान विकल्यावर? आधी आत्याकडे जा. जे मला गावादेखत बोललास ना, तिथेच उभा राहून हेही बोल."

"आणि तुझे मासे घेऊन जा," ऑर्व्हिल म्हणाला.

याकोने मान खाली घालून सगळ्यांसमोर सांगितलं. आता माझ्यात नवी तुळई आहे, पंख पूर्वीपेक्षा लांब आहेत, आणि मी विकला गेलो नाही. गेल्या रविवारी ओलिन्का आत्या न विचारताच मागे चढून बसली. "चल गं, उशीर होतोय!"

त्या पट्ट्यावर उतरण्याआधी मात्र नास्तासियाने दोन घिरट्या घातल्या आणि उजवा पंख पुन्हा पुन्हा पाहिला. पूर्वी ती कधी अशी घुटमळली नव्हती. माझी एवढीच विनवणी आहे, कुणाच्या माथी चूक मारण्याआधी कापड फाडून आत बघा.

आता दर वेळी उतरलो की ती माझ्यावर हात ठेवून हळूच विचारते, "चूक माझी नव्हती ना रे?"

नव्हती, पोरी. तुला ऐकू जाईल असं बोलता आलं असतं, तर हे मी त्याच दिवशी गावादेखत ओरडून सांगितलं असतं.