हात अडकलेले असताना

आमच्या घरात सगळ्यात जास्त आवाज मी करते, आणि तो ऐकणारीही मीच. आई, बाबा, दादा तिघंही जन्मापासून बहिरे. मीही तशीच व्हायची, पण मी आईच्या पोटात जाण्याआधीच डॉक्टरांनी माझ्यात तेवढा एक बारीक बदल केला. म्हणून दादा मला 'दुरुस्त माल' म्हणतो. हातांनी, अर्थात. आमच्याकडे भांडणंही हातांनीच होतात, मारामारी न होता.

आता दादा-वहिनीचं बाळ त्याच दवाखान्यात, काचेच्या बशीत आहे. त्याच्यातही बदल करायचा का, हे उद्या सांगायचंय. काल मी दादाची दुभाषी म्हणून गेले, तर डॉक्टर मलाच दाखवत सुटले. "ही बघा. वक्तृत्वात पहिली." मी कॉलर ताठ केली.

वहिनीला ऐकू येतं. ती म्हणाली, "मी हाक मारली की त्यानं वळून बघावं, एवढंच."

दादाचे हात म्हणाले, "मी वळत नाही?"

"खांदा हलवला की वळतोस. तोही तिसऱ्यांदा."

दादा हसला. "बहिरं असलं तर माझ्या बाजूने एक माणूस तरी वाढेल." हा विनोद होता, मी तो तसाच डॉक्टरांना सांगितला. पण त्याचे हात नेहमीपेक्षा हळू चालले होते. ते हळू चालणं मला सांगता आलं नाही.

आमचं दुकान जुन्या खुर्च्या दुरुस्त करायचं. बाबांचा नियम असा की गिऱ्हाइकाने आधी मोडक्या खुर्चीत बसून दाखवायचं. एखादा इतका ऐसपैस बसतो की बाबा खुर्ची तशीच परत देतात.

आज शाळेतून आल्यावर मी बाबांना डॉक्टरांचं कौतुक रंगवून सांगितलं. बाबांनी हातातली हातोडी खाली ठेवली. मग त्यांचे हात म्हणाले, "तुझ्या स्पर्धेत मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या कधी वाजवायच्या कळावं म्हणून सारखा मागे वळून लोकांकडे बघत होतो. तुझ्याकडे बघायचं राहूनच गेलं."

मला तेव्हा वाटलं होतं, ते मागे वळून ऐटीत सगळ्यांना सांगतायत, ही माझी पोरगी.

"तुझं वाईट नाही केलं," बाबा म्हणाले. "पण आधी बसून बघायला कोणी नव्हतं."

मग मी दादाला मदत करायला गेले. खुर्चीचा पट्टा ताणून धरणं माझं काम, खिळे ठोकणं त्याचं. दोघांचे हात अडकले की आमच्याकडे बोलणं बंद. मला मात्र तोंड आहे. त्याची मान खाली होती तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "दादा, असू दे ना बाळ जसं आहे तसं. नाहीतर तूही बाबांसारखा मागे वळून बघत बसशील."

शेवटचा खिळा ठोकून त्याने वर बघितलं. माझे ओठ हललेले त्याला दिसले असावेत. "काय म्हणालीस?"

आता माझे हात मोकळे होते. पण तेच हातांनी सांगायचं तर मलाही बदलायला नको होतं असा अर्थ होत होता, आणि मला तर मी फार आवडते. मी हातांवरची धूळ झटकत राहिले.

तेवढ्यात आतून वहिनीने मला हाक मारली. मी वळले.

पुन्हा दादाकडे बघितलं तेव्हा तो माझ्या मानेकडे बघत होता.

"असं," त्याचे हात म्हणाले. "बाळाने असंच वळायला हवंय तुझ्या वहिनीला. उद्या डॉक्टरांना हो सांग."

मी हात उचलले, तोवर त्याने पुढचा पट्टा त्यांत दिला होता.