खुंटावरचे तांदूळ

"बोल, खुंटावर तांदूळ कसे आले?"

"मी ठेवलं."

"अरे देवा!" गुप्ते वकिलांनी कपाळाला हात लावला. "सकाळपासून काय शिकवतोय तुला? सांडले म्हणायचं. पुरचुंडीतून सांडले."

कोर्टाच्या ओट्यावर यमाजी उकिडवा बसला होता. शेजारी बायको, गोदी. सिद्धगडच्या पायथ्याच्या पाड्यातून दोघं अंधारातच निघाली होती. वकिलांनी फी मागितली नव्हती, त्यामुळे ते ओरडले तरी वाईट वाटून घ्यायची सोय नव्हती.

पाड्यावरच्या रानातला जुना साग कुणीतरी तोडून ट्रकात घालून नेला होता. कुणी, हे अख्ख्या पाड्याला ठाऊक होतं आणि सांगायची कुणाची छाती नव्हती. यमाजीच्या पाड्यात झाड तोडणारा खुंटावर चिमूटभर तांदूळ ठेवून झाडाची माफी मागतो. नाही मागितली तर झाडाचा राग पाड्यावर निघतो. हा खुंट रिकामाच होता आणि यमाजीची नात तापाने फणफणलेली. चोराने माफी मागितली नाही, तर कुणीतरी मागायला हवीच ना? यमाजी घरून तांदूळ घेऊन आला, खुंटावर ठेवून त्याने हात जोडले आणि जंगलखात्याच्या जयराम गार्डने त्याला तिथेच धरलं.

"पण मी ठेवलं ते खरं हाय ना, वकीलसायेब?"

"खरं आहे रे. पण गार्ड सांगणार, यांच्यात तोडणाराच तांदूळ ठेवतो. तुझ्या तोंडून तेच निघालं की संपलं. गुन्हा शाबीत करायचा तर संशयाला जागा राहता कामा नये. ती जागाच तुला वाचवील, आणि तू ती स्वतःच्या हाताने बुजवायला निघालास! शिक्षा झाली तर दळी जाईल."

दळी म्हणजे डोंगरउतारावर जंगलखात्याने नाचणीपुरता दिलेला तुकडा. यमाजीच्या बापाने दगड वेचून तो पिकता केला होता. तुकडा गेला की भिवंडीकडच्या वीटभट्ट्या. मुलगा आणि सून तिकडेच राबत होती, म्हणून तर नात म्हाताऱ्यांकडे होती.

"बोल ना तसं," गोदी रडकुंडीला आली. "पोरीला काय माती खायला घालू?"

पुकारा झाला. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या जयरामला गुप्त्यांनी विचारलं, "याला झाड तोडताना पाहिलंत?"

"नाही."

"कुऱ्हाड सापडली?"

"नाही. कमरेला कोयता होता."

"कवेत न मावणारा साग कोयत्याने तोडला?"

लोक हसले. जयराम चिडला. "पण तांदळाचं काय, साहेब? यांच्यात तोडणाराच ठेवतो!"

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. मॅजिस्ट्रेटांनी यमाजीकडे पाहिलं. "तुमच्यात अशी चाल आहे?"

यमाजीने गोदीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात जोडले होते.

"नाय, सायेब. आमच्यात असं काय नसतं. तांदूळ सांडलं."

बोलताना त्याला बाप आठवला. इतकी लाज त्याला गार्डने हात बांधून पाड्यातून नेलं तेव्हाही वाटली नव्हती.

दुपारी निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन सोडलं. कोयताही परत मिळाला.

"मंग मी चोर नाय ना, वकीलसायेब?"

"चोर आहेस असं शाबीत झालं नाही."

"म्हंजे?"

पण गुप्ते दुसऱ्या अशिलाकडे वळले होते.

फाटकापाशी जयराम उभा होता. "सुटलास. पण रानात माझी रोज फेरी असते. त्या खुंटावर एक दाणा जरी दिसला, तरी तू कोर्टात खोटं बोललास हे मी दाखवून देईन."

दिवस कलताना दोघं त्या सागापाशी पोचली. आधीचे तांदूळ मुद्देमाल म्हणून पुडीत बांधून गेले होते. खुंट पुन्हा रिकामाच. गोदीने पदराची गाठ सोडली.

"नको गो."

"पोरगी अजून तापलेलीच हाय." तिने तांदूळ ठेवले. "माफ कर रे बाबा. आमचा मानूस कोर्टात काय बोलला, ते मनावर घेऊ नको."

यमाजी वाटेकडे तोंड करून उभा होता. कुणी येतंय का बघत. उभ्या जन्मात असा चोरासारखा तो कधी उभा राहिला नव्हता.

खाली पाचोळा वाजला. ढोर असेल, नाहीतर माणूस. यमाजी खुंटाशी धावला आणि तांदूळ मुठीत गोळा करू लागला.

"अरे काय करतोस? झाडाला दिलेलं हाय ते!"

"गप गो! दळी जाईल!"

एक दाणा भेगेत अडकला होता. नखाने काढायला गेला, तर तो आणखी आत गेला. पाचोळा जवळ वाजला. यमाजीने कमरेचा कोयता उपसला, टोक भेगेत घातलं आणि दाबलं. लाकडाची ढलपी निघाली.

त्या सागाला यमाजीचं पातं लागलं ते तेव्हा, पहिल्यांदा.