चाळिसावी डबी

उंट घेऊन वाळवंटात शिरलेल्या जुन्या मोहिमेच्या वाटेवर कुणीतरी चाळीस डब्या लपवल्या होत्या. जीपीएसवर जागा शोधायची, डबीतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवायची, एवढाच खेळ. मर्लला एकोणचाळीस सापडल्या होत्या. चाळिसावी मात्र या कोरड्या नदीच्या काठी तीन तास शोधूनही मिळेना. पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. इतक्या लांब पुन्हा येणं काही व्हायचं नव्हतं.

"पुरात वाहून गेली असणार," तिचा नवरा डेस टोपीनं माशा हाकलत म्हणाला. त्यानं आपल्या डबीतल्या पेपरमिंटच्या गोळ्या खिशात ओतल्या. "ही घे. कागद घाल, नाव लिही, ठेव त्या निलगिरीच्या ढोलीत. सगळे असंच करतात."

"सगळे म्हणजे तू."

"मग बस शोधत! मोहिमेवाल्यांना निदान उंट तरी होते."

मर्ल हसली. तिनं कागदाची घडी घातली, पेन्सिल टेकवली आणि थांबली.

"डेस, ही ठेवली तर मागून येणाऱ्याला वाटेल, हीच ती. मग खरीची चौकशी कुणी करणारच नाही."

"अन् तुझ्या चाळीस?"

"एकोणचाळीस झाल्या की."

तिनं रिकामी डबी त्याच्या हातात दिली. इथं रेंज नव्हती, तरी नंतर खेळाच्या साइटवर टाकायला तिनं फोनवर नोंद लिहून ठेवली: 'सापडली नाही. ठेवणाऱ्यानं एकदा येऊन बघावं.'