पडद्याआडून दिलेलं मत

पीठ वाटणाऱ्या परदेशी संस्थेतला इंजिनिअर तवाब मशिदीशेजारच्या खोलीत येऊन बसला. आम्ही विधवा पडद्याआड. संस्थेत बायकांनी काम करायचं नाही, असं राजवटीचं फर्मान निघालं होतं. आता काय करायचं ते तिकडे परदेशात मोठी माणसं ठरवत होती, आणि म्हणे आमचंही मत त्यांना हवं होतं.

आमच्या मजार शहरात घरोघर पीठ पोचवायची माझी सून मस्तूरा. मुलगा गेल्यापासून तिच्याच पगारावर आमची चूल पेटते. ती माझ्या शेजारी बसली होती.

परक्या पुरुषाशी बाईनं बोलायचं नाही, म्हणून माझा भाऊ गौसुद्दीन पडद्याच्या तोंडाशी. मी बोलायचं, त्यानं पुढे सांगायचं.

"दोन मार्ग आहेत," तवाब म्हणाला. "निषेध म्हणून पीठ बंद करायचं, नाहीतर फक्त पुरुषांकडून वाटायचं."

"विचार त्याला, ज्या घरात पुरुषच नाही तिथं ह्यांच्या माणसांना दार कोण उघडणार? माझा मेलेला नवरा?"

गौसुद्दीन खाकरला. "बहीण म्हणते, साहेबांचे फार उपकार आहेत."

बायका फिसकन हसल्या.

"दीडशहाण्या, उपकार कधी म्हटलं मी?"

"आपा, कोपऱ्यात सरकारचा माणूस बसलाय," तो कुजबुजला. "दाढी बघ त्याची."

"दाढी तुलाही आहे. काय उपयोग?"

शेवटी मीच आवाज चढवला. "तुमचा निषेध आमच्या ताटात वाढू नका. पोती गल्लीतल्या तंदुरावर उतरवा. तिथं बायका कणीक घेऊन येतात, पुरुष फिरकत नाही. मस्तूरा वाटेल. नोकर म्हणून नको, शेजारीण म्हणून."

दाढीवाला जपमाळ ओढत राहिला. तवाबची लेखणी थांबली. "मग पगार देता येणार नाही, खाला."

पडद्याआडच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. त्या पिठावर जगणारी चाळीस घरं. मस्तूराकडे बघायचं मी टाळलं.

"लिही," मी म्हटलं.

परतताना ती चार पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबली.

"मादर, त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही मला विचारलं नाही."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"तेच." बुरख्याआडून तिचा श्वास ऐकू येत होता. "पण ते मी म्हटलं असतं."

जिच्यापुढे गल्लीतले पुरुष गप्प बसतात, ती मी भिंतीला हात टेकून उभी राहिले, आणि ती मला सोडून पुढे गेली नाही, एवढंच.