आमच्या घरातला पहिला आजोबा

देव प्रत्येकाला श्वास मोजून देतो म्हणतात. माप सगळ्यांना एकच वापरतो की कसं, हे त्याला विचारायची माझी छाती नाही. मी आपली डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगते.

माझे बाबा काचेच्या कारखान्यात दिव्यांचे गोल फुंकायचे. लांब नळीच्या टोकाला भट्टीतला लालबुंद रस घ्यायचा, दुसऱ्या टोकाला तोंड लावायचं आणि गाल फुगवून फुंकायचं. रसाचा फुगा होतो, तो थंड झाला की त्याच्या आत दिवा लावता येतो. कारखान्यात बाबांना कोणी नावानं हाक मारत नसे. फुंक्या म्हणत, आणि त्यांनाही त्याचा अभिमानच होता.

आमच्या घरातले सगळे पुरुष त्याच भट्टीपुढं उभे राहिले आणि पन्नाशीच्या आगेमागे देवाघरी गेले. बाबांचे आजोबा बाबांच्या जन्माआधी गेले, माझे माझ्या जन्माआधी. थोरले काका लेकीचं लग्न लावून मोकळे झाले, पण तिचं मूल बघायला राहिले नाहीत. ‘आजोबा’ हा शब्द आमच्या घरात भिंतीवरच्या तसबिरींपुरता होता. त्या हाकेला कोणी ‘ओ’ दिलेली कुणीच ऐकली नव्हती.

म्हणून माझी चिमी जन्मली तेव्हा बाबा म्हणाले, “हिच्या तोंडून एकदा आजोबा ऐकलं की बास. मग देवानं केव्हाही बोलवावं.”

“केव्हाही कसं?” आई म्हणाली. “आधी छपराचा गळका पत्रा बदला, मग जा कुठं जायचं तिथं.”

पण बाबांचं लक्षण काही ठीक नव्हतं. खोकला हटत नव्हता. घरचा जिना चढताना मध्येच एका पायरीवर बसायचे आणि म्हणायचे, “जिना वाढलाय गं यंदा.”

त्याच सुमारास कारखान्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई आल्या. माणसाचं शरीर आतून किती म्हातारं झालंय हे त्या रक्तावरून ताडायच्या. सगळ्या भट्टीवाल्यांनी रक्त दिलं. निकाल सांगायला त्यांनी बाबांना बोलावलं तेव्हा चिमीला कडेवर घेऊन मीही गेले.

“काका,” डॉक्टरबाई जपून म्हणाल्या, “जन्मतारखेनं तुम्ही चौपन्न. पण शरीर तारखा पाळत नाही. रक्तावरून तुमचं वय निघतंय...” त्या थांबल्या. “एकाहत्तर.”

मी चिमीला घट्ट धरलं. बाबा मात्र ताडकन उठले.

“एकाहत्तर? रक्त माझंच ना?”

“तुमचंच.”

“ऐकलंस का पोरी? एकाहत्तर!” त्यांनी वर बघून हात जोडले. “डॉक्टरबाई, आमच्या घरात साठी कुणी पाहिली नाही हो. आणि मी एकाहत्तर गाठली! देवानं मला काही कमी केलं नाही.”

डॉक्टरबाईंना हसावं की काय करावं कळेना. मलाही नाही. तेवढ्यात दार ढकलून एक गृहस्थ आत आले. ताठ पाठ, हातात डबा, दोन जिने चढूनही श्वास जागच्या जागी.

“विसरलीस,” ते म्हणाले आणि डबा टेबलावर ठेवला.

“हे माझे बाबा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “शाळेत नकाशे शिकवायचे.”

“गुरुजी, वय काय आपलं?” बाबांनी लगेच विचारलं.

“परवाच एकाहत्तर झाली.”

“म्हणजे आपण जोडीदार!” बाबांनी त्यांचा हात हातात घेऊन टेबलावर ठेवला आणि शेजारी आपला ठेवला. गुरुजींच्या हातावरची कातडी सैल होती, पण आतून उजळ. बाबांचा हात भाजून भाजून भट्टीच्या विटेसारखा झालेला, बोटं अर्धवट मिटलेली. चिमीनं दोन्ही हातांकडं पाहिलं आणि गुरुजींकडं झेप घेतली.

“ये गं, ये आजोबाकडं,” गुरुजी म्हणाले.

किती सहज म्हणाले! दाराला कडी लावावी तसं.

“नातवंडं आहेत?” बाबांनी विचारलं.

“पाच. थोरला कॉलेजात गेला यंदा. दिवसभर आजोबा, आजोबा. डोकं खातात नुसतं.”

“डोकं खातात,” बाबा हळूच म्हणाले. ते गुरुजींकडं असे बघत होते की जणू खूप लांबून चालत येऊन गाभाऱ्यापाशी पोचले आहेत. त्यात हेवा तीळभर नव्हता. माणूस इतका टिकू शकतो, हेच ते पहिल्यांदा बघत होते.

मग त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, “गुरुजी सगळी वर्षं जगून इथवर आले. माझी मधली सतरा कुठं गेली?”

“भट्टीची धग, धूळ, रात्रपाळ्या. अंगावर काढलेली दुखणी, उद्याची काळजी. थोडी थोडी करून गेली, काका.”

बाबांनी मान वर केली. छताला एक पांढरा गोल टांगला होता. बराच वेळ ते त्याच्याकडं बघत राहिले.

“हा माझा,” ते म्हणाले. “खालून जाड आहे. पाळी संपत आली, दम सुटला की माझा गोल असा येतो.” आणि मग अगदी हलक्या आवाजात, “आहेत म्हणायची ती सतरा. कुठं कुठं टांगलेली आहेत.”

 चौघं मोठी माणसं त्या दिव्याकडं बघत होतो. त्याच्या आत माझ्या बापाचा वारा होता, त्याच्या उजेडात आम्हाला एकमेकांची तोंडं दिसत होती.

“परत मिळतील?” बाबांनी विचारलं.

“सगळी नाही. भट्टी सोडलीत तर पुढची गळती कमी होईल.”

भट्टी सोडायची म्हणजे पॅकिंगला जायचं. तिथं सगळ्या बायका, पगार कमी आणि मुकादम माझी आई. भट्टीवरचे चिडवायचं थोडंच सोडणार?

“फुंक्या, बायकोच्या हाताखाली? घरी पुरत नाही होय?”

“घरी पगार कुठं मिळतो!” बाबा म्हणाले आणि नळी भिंतीला टेकवून ठेवली. ठेवली, पण हात तिच्यावरून लगेच निघाला नाही.

पॅकिंगमध्ये आई त्यांना घरच्यासारखीच बोलायची. “अहो, पेंढा नीट भरा. काच आहे ती, उशी नव्हे.” खोकला गेला नाही, पण रात्री झोपू देऊ लागला. इकडं चिमी बोलायला लागली. मांजराला हाक मारायची, बादलीला मारायची, माझ्या आईला तर नावानंच. बाबा समोर बसून ओठ हलवून दाखवायचे. ती त्यांचे ओठ चिमटीत धरायची आणि हसायची.

मग एका संध्याकाळी बाबा कामावरून आले, नेहमीसारखे जिन्याच्या मध्यावर थांबले, कठड्याला धरून. वर दारात चिमी उभी होती. ती खाली वाकली आणि स्पष्ट म्हणाली, “आजोबा!”

बाबांनी मागं वळून पाहिलं.

खाली जिना रिकामा होता. तरी ते बघतच राहिले, कुणाला तरी वाट द्यावी तसे एका बाजूला सरकूनसुद्धा.

“मागं काय बघताय?” आई दारातून म्हणाली. “तुम्हालाच हाक मारतेय ती.”

बाबा पायरीवर बसले. छाती भरून श्वास घेतला, नळीला तोंड लावण्याआधी घ्यायचे तसा.

“ओ,” ते म्हणाले.

चिमीला खेळच सापडला. ती हाक मारी, ते ओ देत. ती पुन्हा मारी, ते पुन्हा देत. आत चहा गार झाला, आणि त्या दिवशी आई कुणालाही काही बोलली नाही.